पंधरा एप्रिलच्या आत

प्रिय बर्डी,

रविवारी फोनवर तू विचारलंस, "कॉनी, तुला आनंद नाही झाला का गं?" आणि मी म्हटलं, आवाज तुटतोय. आवाज अजिबात तुटत नव्हता. मागे आई तुझ्या बाबांना सांगत होती, "हॅल, माझ्या दोन्ही पोरी प्रोफेसर होणार!" तेसुद्धा मला स्वच्छ ऐकू आलं. प्रवेशाचं पत्र तिनं फ्रिजवर चिकटवलंय म्हणे, तेही अशा ठिकाणी की दूध काढायला येणाऱ्यानं ते वाचूनच पुढे जावं. पंधरा एप्रिलच्या आत तुला हो की नाही ते कळवायचंय. हो म्हटलंस तर डॉ. वेंटच्या दातांच्या दवाखान्यातली पक्की नोकरी सोडून इथे यायचं, पाच-सहा वर्षांसाठी. फोनवर तू रडायला लागलीस की मी विरघळते, म्हणून लिहितेय. कागदावर मी बरी कठोर असते.

इथे काय चालतं हे तुला कुणीच सांगितलेलं नाही, मीसुद्धा नाही. ख्रिसमसला घरी येते तेव्हा 'सगळं छान चाललंय' म्हणते, आईच्या हातचं खाते, तुझ्या ओळखीनं फुकटात दाढ भरून घेते आणि परत येते. आपल्या विषयाचं नाव भारदस्त आहे. वक्तृत्वशास्त्र आणि लेखन. समोरच्याला शब्दांनी कसं पटवावं याचं अडीच हजार वर्षं जुनं शास्त्र! प्रत्यक्षात पहिल्या वर्षाच्या पोरांना निबंध शिकवायचे, ते तपासायचे, उरलेल्या वेळात आपला प्रबंध रेटायचा. त्याबद्दल फी माफ आणि महिन्याचा जेमतेम भागेल एवढा पगार. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

आणि या सगळ्यावर मलम म्हणून दर शुक्रवारी दुपारी 'व्यावसायिक विकास'. माहितीपत्रकात तुला या दोन शब्दांनीच भुरळ घातली ना? "कॉनी, तिथे विकासाच्या किती संधी आहेत!" असं तू तीनदा म्हणालीस. संधी खूप आहेत, बर्डी. नोकऱ्या नाहीत, संधी पुष्कळ. हा विकास चालवतात नॅन्सबाई. त्या आमच्याच विभागातून पीएचडी झाल्या. मी आल्यापासून इथून बाहेर पडलेल्यांत पक्की नोकरी मिळालेल्या त्या एकट्याच, आणि ती नोकरी आहे आम्हाला नोकरी कशी मिळवावी ते शिकवण्याची. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पण बाईंचा उत्साह असा की जणू आड काठोकाठ भरलाय, दोर तेवढा आम्हीच आखूड आणलाय.

विभागात माझ्याच खोलीत बसणारा लेम तुला आठवत असेल, मागच्या उन्हाळ्यात घरी आला होता आणि आईचे सगळे मक्याचे पाव संपवून गेला. त्याचं आता सातवं वर्ष. मागच्या महिन्यात नॅन्सबाईंनी 'लिफ्टमधलं भाषण' शिकवलं. लिफ्टमध्ये एखादा बडा माणूस भेटला तर दार उघडायच्या आत आपलं संशोधन सांगून त्याला जिंकायचं. आमची इमारत दोन मजली, लिफ्ट सामान चढवायची, तिला कण्हायची सवय. बाईंनी आम्हाला एकेकाला तिच्यात घातलं आणि स्वतः बड्या माणसाच्या जागी उभ्या राहिल्या. लेमनं वर जाईपर्यंत आपला सात वर्षांचा प्रबंध सांगितला. दार उघडलं. बाहेर कुणीच नव्हतं, नुसता रिकामा व्हरांडा. लेम म्हणाला, "नॅन्सबाई, नोकरी खालच्या मजल्यावर राहिली वाटतं." बाईंनी वहीत लिहिलं, "डोळ्यांत आत्मविश्वास कमी."

मग खोट्या मुलाखती. त्यात विभागप्रमुख स्ट्राउडसर दुसऱ्या कुठल्यातरी विद्यापीठाचे खडूस अधिष्ठाता होतात. सरांची स्वतःची मुलाखत झाली तेव्हा तू जन्मलीही नव्हतीस. एक पत्र टाकलं, एक जेवण झालं, नोकरी पक्की, असा तो काळ. तेच सर आम्हाला सांगतात, "तुम्ही लोक पुरेशी धडपड करत नाही." उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय! माझ्या वेळी त्यांनी विचारलं, पाच वर्षांनी तू स्वतःला कुठे पाहतेस. मी उत्तर देत असताना त्यांचा डोळा लागला. नॅन्सबाई कुजबुजल्या, "तू थांबू नकोस, खऱ्या मुलाखतीतही असं होतं." ही त्या बाईंच्या तोंडून निघालेली एकमेव खरी गोष्ट.

आणि राबवून घेण्यालाही इथे संधीच म्हणतात. पाहुण्या वक्त्याला विमानतळावरून आणायचं, ही संधी. ऑगस्टमध्ये नव्या पोरांचे शेकडो निबंध वाचून कुणाला कुठल्या वर्गात घालायचं ते ठरवायचं, संधी. परिषदेत खुर्च्या मांडायच्या, संधी. मोबदला काय, तर बायोडेटावर एक ओळ. "ओळ मिळेल हं!" असं बाई लहान मुलाला चॉकलेट दाखवावं तसं म्हणतात. लेमचा बायोडेटा आता अकरा पानांचा झालाय आणि त्याचा पुढचा दात पडलाय. तो म्हणतो, "ओळी बसवून देणारा दंतवैद्य तुझ्या बहिणीच्या ओळखीचा आहे का गं?" आम्ही हसतो, पण तो हसताना तोंडावर हात धरतो.

तू म्हणशील, एवढं वाईट आहे तर पाच वर्षं कशाला चिकटून बसलीस? सांगते. मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी माझा वर्ग असतो. त्यात गेल्या शरद सत्रात ओरली नावाची नर्सिंगची एक विद्यार्थिनी होती, दोन पोरांची आई. तिच्या घरमालकानं हीटर दुरुस्त करायचं नाव काढलं नव्हतं, आणि ती पोरांना कोट घालून झोपवत होती. निबंध मरू दे, म्हटलं, त्याला पत्र लिही. चार वेळा लिहून घेतलं. आधी शिव्या होत्या, मग गयावया, मग हळूहळू नुसती हकिगत उरली, तारखांसकट. हीटर दुरुस्त झाला. ती वर्गाच्या दारात उभी राहून म्हणाली, "मॅडम, त्यानं फोन केला तर चक्क मला 'मॅडम' म्हणाला!" बर्डी, त्या दिवशी मी घरापर्यंत गाणं म्हणत गेले. हे मी नॅन्सबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "वा, नोकरीच्या अर्जासोबतच्या अध्यापन-निवेदनात घाल. पण एका वाक्यात, आणि घरमालक काढून टाक." घरमालक काढला की मागे काय राहतं, ते त्यांनाच ठाऊक.

आता गेल्या शुक्रवारची गोष्ट ऐक. विषय होता 'आपुलकीचं पत्र'. प्रवेश मिळालेल्या नव्या विद्यार्थ्यांना आम्ही जुन्यांनी मनापासून पत्र लिहायचं आणि त्यांना 'हो' म्हणायला लावायचं. हीसुद्धा संधीच, ओळीसकट. बाईंनी सूचना वाचून दाखवल्या. तळ्याचा उल्लेख करा. प्राध्यापक किती मनमिळाऊ आहेत ते सांगा. नोकऱ्यांचा विषय काढू नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुमचा वाचक कोण ते ओळखा. मग नावांच्या चिठ्ठ्या वाटल्या. माझ्या चिठ्ठीवर होतं, बर्नाडेट ट्रॉटर. तोंडातला बेगल-पावाचा घास माझ्या घशात अडकला. तू अर्ज केलायस हे तू मला सांगितलंच नव्हतंस! रविवारी तू "सरप्राइज!" म्हणून ओरडलीस, तेव्हा ते मला दोन दिवस आधीच झालेलं होतं. लेम पाठीत धपाटे घालत होता आणि बाई विचारत होत्या, "काय गं, ओळखतेस का तिला?" मी लिंडक्विस्ट, तू ट्रॉटर. एका आईच्या पण दोन बापांच्या दोन पोरी, हे या शास्त्राच्या पंडितांना कुठून कळावं. आपल्या घराचा पत्ता दोघींच्या अर्जांवर एकच आहे, पण वाचतो कोण. मी म्हटलं, "थोडीफार ओळखते." बाई खूश झाल्या. "छान! उरलेलं कल्पनेनं रंगव."

तर बाईंच्या सूचनेप्रमाणे, इथे एक तळं आहे. एप्रिल आला तरी अजून कडेनं गोठलेलंच आहे, आणि त्यात बदकं आहेत. झाला उल्लेख.

आता हे पत्र मी खरं कशासाठी लिहितेय ते. सोमवारी स्ट्राउडसरांनी बोलावलं. पुढच्या वर्षी विभागाला पगारी जागा एक कमी मिळालीय, म्हणून जुन्यांपैकी एकाची काढून नव्याला द्यायचं ठरलं. काढली ती माझी. प्रबंधाची दोन प्रकरणं राहिलीत, पण फी भरून ती मी या जन्मात पुरी करू शकत नाही. सर म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नकोस, नवं रक्त यायला हवं. ट्रॉटर म्हणून फार हुशार मुलगी आहे." आणि मग मी दारापर्यंत पोचले तेव्हा, माझ्यावर उपकार केल्यासारखं, "तिनं नाही म्हटलं तर मात्र तुझी जागा तुलाच राहील." त्या संध्याकाळी मी तुला हे पत्र पहिल्यांदा लिहिलं. काय झकास उतरलं होतं म्हणून सांगू! वर लिहिलंय ते सगळं त्यात होतं, शब्दन् शब्द खरा, फक्त सर काय म्हणाले तेवढं नव्हतं. पाकिटावर तिकीटही लावलं होतं. आणि तेव्हा मला पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवते ते आठवलं, की कुणीही तुम्हाला काही पटवायला आलं तर आधी विचारा, यात त्याचा फायदा काय. मला माझीच इतकी किळस आली की पाकीट फाडलं. पण गप्प बसणंही जमेना, कारण ते सगळं खरंच आहे ना, बर्डी! मग आज सकाळी सरांना लेखी देऊन आले, की ट्रॉटर हो म्हणो की नाही म्हणो, मला ती जागा नको, मे महिन्यात मी जातेय. ते म्हणाले, "हा निव्वळ वेडेपणा आहे, तुझा तोटा आहे यात." मी म्हटलं, "हो सर, तोटाच हवा होता." तू कोण आहेस ते त्यांना अजून माहीत नाही आणि मी सांगणारही नाही. आता तू नाही म्हटलंस तर मला काही मिळत नाही, हो म्हटलंस तर माझं काही जात नाही. आता हे पत्र पहिल्यापासून पुन्हा वाच, आणि मग तुला काय वाटतं ते कळव, मला नंतर, त्यांना आधी. आईला माझं मी सांगेन.

भांडलीस तरी तुझीच,
कॉनी