बावीस इंची दार आणि ढब्बूची बाबागाडी

दि. ४ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि आईंना नको तेवढं ऐकू येतं, म्हणून पत्रच लिहिते. बोटीच्या कंपनीने ह्यांचा अर्ज मंजूर केला. एप्रिलमध्ये नऊ दिवस ढब्बूला आणि मला ह्यांच्या बोटीवरून प्रवास करता येईल. बोटीवर गणवेश शिवणाऱ्या ह्यांच्यासारख्या शिंप्याला ही सवलत तीन वर्षांतून एकदाच मिळते. ह्यांनी ढब्बूला शेवटचं पाहिलं तेव्हा ती दीड महिन्याची होती, एप्रिलमध्ये चौदा महिन्यांची असेल. त्यानंतर बोट लांबच्या फेरीवर जाणार, म्हणजे ह्यांना घरी यायला पुढचं वर्ष उजाडेल. तोवर पोरीला बाप म्हणजे फोनमधला एक मिशीवाला माणूस, एवढंच कळणार. ते मला चालणार नाही.

आई म्हणतात, ढब्बूला त्यांच्याकडे ठेवून मी एकटीने जाऊन यावं. माझ्या गुडघ्यात धातूची पट्टी बसवलेली, आणि अकरा किलोचं मूल उचलून बोटीचे जिने चढणं माझ्याच्याने व्हायचं नाही. गुडघ्याचं खरं आहे. पण भेट बापलेकीची आहे, मी नुसती पोचवणारी. ढब्बू येणार म्हणजे येणार.

तेव्हा बाबागाडी हवी. शेजारच्या नर्सबाई त्यांची तीन मोठ्या चाकांची देतायत, पण ती लिफ्टमध्ये शिरली की बाकीच्यांना जिन्याने जावं लागेल. दुकानात छत्रीसारखी मिटणारी एक आहे. हलकी आहे, पण तिची पाठ खाली होत नाही, आणि आपली ढब्बू दिवसातून दोनदा आडवी होते. तिसरी मला पटली. पाठ खाली होते, एका हाताने मिटते, वजन सात किलो, रुंदी एकवीस इंच. बोटीवर गाडी बाहेरच्या बोळात ठेवू देत नाहीत, खोलीत घ्यावी लागते, म्हणून ह्यांना दाराचं माप विचारलं. बावीस इंच कळवलंय. एक इंच शिल्लक राहतो, तेव्हा घेऊन टाकते.

तुमचा लोभ माझ्या बाजूने असू द्यावा. आईंच्या बाजूला आई एकट्या पुरेशा आहेत.

तुमची सून

दि. १२ फेब्रुवारी

चि. सौ. सूनबाईस,
अ. उ. आ.

तुझं पत्र तुझ्या सासूबाईंनी माझ्याआधी वाचलं. दोन दिवस घरात भांडी जरा जोरात वाजत होती. तिचं म्हणणं एवढंच, की मुलगा आधीच लांब, त्यात सून पडली आणि नात हातातून सुटली तर करायचं काय. बोलते करवतीसारखं, पण भीती खोटी नाही.

गाडी चांगली निवडलीस. माप तुझ्या नवऱ्याने घेतलंय ना, मग दाराची काळजी सोड. त्याच्या हातात टेप मी दिला, तो दहा वर्षांचा असताना. पण मला हे सांग, बोट धक्क्याला लागत नाही तिथे माणसांना लहान होडीतून किनाऱ्याला नेतात. होडीत बाबागाडी मिटूनच न्यावी लागते, असं त्याने मागे लिहिलं होतं. मग ढब्बू कुठे, काखेत? मूल अंगाला बांधायचं कॅरियर हवंच, आणि ते मी शिवतो. पोटाशी बांधायचं नको, त्यात पुढची पायरी दिसत नाही. पाठुंगळी घ्यायचं शिवतो, कमरेला रुंद पट्टा लावतो, म्हणजे भार खुब्यावर बसेल आणि चाल सरळ राहील. कंबर, खांदा आणि पाठीची लांबी कळव. लाजू नकोस, शिंप्यापुढे आणि डॉक्टरपुढे सगळे सारखेच.

आशीर्वाद आहेतच. मापं आली की मशीनही चालू होईल.

तुझे बाबा

दि. २४ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

गाडी आली. संध्याकाळी चष्म्याच्या दुकानातून कामावरून आले की सराव करते. ढब्बू एका हातावर, दुसऱ्या हाताने गाडी मिटायची. पहिल्या दिवशी बोट चिमटलं, आता बारा सेकंदांत जमतं. जमिनीवर खडूने बावीस इंच अंतराच्या दोन रेघा मारल्यात आणि त्यांच्या मधून गाडी काढते. आमच्या चष्म्याच्या कामात अर्धा मिलिमीटर इकडचा तिकडे झाला तर गिऱ्हाईकाला पायरी भलतीकडे दिसते. त्यामुळे मापाशी मी खेळ करत नाही.

कॅरियर मात्र मला नको. डॉक्टर म्हणाले, एका वेळी अर्ध्या तासाच्या वर ओझं घेऊ नका. आणि खरं सांगू का? मी लंगडत चालले आणि पाठीवर मूल असलं की लोक हात द्यायला धावतात. मला तो हात नको असतो. तरी तुम्ही रुसाल म्हणून मापं सोबत पाठवते.

परवा आईंचा फोन होता. उद्या पडलीस तर मी पोराला काय तोंड दाखवू, असं म्हणाल्या. मी फोन ठेवून दिला. तसं करायला नको होतं. पण सगळे पडण्याचंच बोलतात, पोचण्याचं कुणी बोलत नाही, म्हणून डोकं फिरलं. एकोणीस एप्रिलला निघतोय, तिकिटं आली.

राग आला असेल तर तो टाकावा, लोभ तेवढा ठेवावा.

तुमची सून

दि. ९ मार्च

चि. सौ. सूनबाईस,
अ. उ. आ.

कॅरियर पार्सलने पाठवलंय. वापरायचं नसेल तर वापरू नकोस, बॅगेच्या तळाशी पडून राहील, खायला मागणार नाही.

एक गोष्ट तुला सांगायची नाही असं बजावलंय, म्हणून लगेच सांगतो. शिवून झालं, मी टाके तपासायला चष्मा शोधतोय, तोवर तुझ्या सासूबाईंनी ते उचललं. त्यात अकरा किलो पीठ भरलं, पाठीला बांधलं आणि सकाळभर तशीच घरात वावरली. जिना चार वेळा चढली-उतरली. कुणी सांगितलं नव्हतं. दुपारी खांदा चोळत म्हणाली, डावा पट्टा काचतो, त्याखाली जाड अस्तर घाला. घातलं. तू जावंस असं अजून ती म्हणत नाही. विचारलं तर म्हणाली, ऐकणार तर नाहीच, मग पट्टा तरी टोचू नये.

सुखरूप जा. आम्हा दोघा म्हाताऱ्यांचा जीव तुमच्यात आहे, हे वेगळं लिहीत नाही.

तुझे बाबा

दि. २५ एप्रिल, बोटीवरून

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आईंना आधी एवढंच वाचून दाखवा, की मी पडले नाही. पुढचं सावकाश वाचा.

गाडी दारात अडकली. दार वीस इंचांचं निघालं. मिटली तरी गाडीची रुंदी तेवढीच, आणि आडवी करायला बोळात जागा नाही. मी आतून ओढतेय, खोल्यांची झाडलोट करणारे गृहस्थ बाहेरून ढकलतायत, मागे बोळात माणसांची रांग. तुमचे चिरंजीव धावत आले. गळ्यात टेप होताच. माप घेतलं आणि कपाळाला हात लावला. अंगाचं माप कधी नुसतं लिहायचं नाही, दोन इंच सैल धरून लिहायचं, हे म्हणे तुम्ही शिकवलंत. दाराचंही त्यांनी सवयीने तसंच लिहिलं. दाराला कोट शिवायचा होता का, असं मी विचारलं. मी फार चिडले होते. जेवताना मात्र दोघंही पोट धरून हसलो. गाडी प्रवास संपेपर्यंत सामानाच्या कोठीत गेली आणि मी मुकाट्याने बॅगेच्या तळातून कॅरियर काढलं.

चार दिवस ढब्बूला पाठीवर घेऊन हिंडले, अर्धा तास चालायचं आणि बसायचं. लोक हात द्यायला धावलेच. दोनदा घेतलाही. पण ज्यासाठी आले ते काही होईना. बाप समोर दिसला की पोरगी किंचाळायची. ह्यांनी नाना तोंडं केली. मिशीला घाबरत असेल म्हणून मिशी काढली, तर होती नव्हती ती ओळखही गेली. चौथ्या दिवशी हे शिवणखोलीत जाऊन बसले आणि म्हणाले, उगाच तुझ्या पायाचे हाल केले, नसतं बोलावलं तर बरं होतं. मी त्यांना सांगितलं की अजून पाच दिवस आहेत, हात टेकायला मी इथवर आलेले नाही.

काल बोट किनाऱ्यापासून लांब उभी राहिली. होडीने जायचं होतं आणि ह्यांना अर्ध्या दिवसाची सुट्टी होती. माझा गुडघा सुजला होता. मी विचार केला, तोंड बघून रडते ना, मग तोंड दाखवायचंच नाही. ह्यांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं, पट्टे शेवटपर्यंत सोडले आणि ढब्बूला मागून पाठीवर बांधलं. तिने क्षणभर अंग ताठ केलं. मग गाल टेकला.

होडीत, धक्क्यावर, बाजारात, तीन तास हे तिला घेऊन चालत होते आणि मी मागून रिकाम्या हातांनी. मधूनच ती ह्यांचा कान ओढायची आणि काहीबाही सांगायची. हे मान न वळवता हो हो म्हणायचे. एकदा वाटलं, रुमालाने घाम पुसतायत. घाम नव्हता.

संध्याकाळी खोलीत आल्यावर मी बक्कल काढलं आणि तिला घ्यायला हात पुढे केले. तिने मान वर करून ह्यांचं तोंड नीट पाहिलं. मग कॉलर दोन्ही मुठींत धरली आणि माझ्याकडे यायचं नाही म्हणून भोकाड पसरलं. बाबा, पोर माझ्याकडे येताना रडली आणि मला एवढा आनंद झाला, की पुढे केलेले हात मी तसेच मागे घेतले.

यापुढे लोभ आम्हा तिघांवर एकत्र असू द्यावा.

तुमची सून