कर्नल नदीत शिरला त्याची हकीकत

आदरणीय ट्विलाताईंना,

नडीनचा मनापासून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मागे फोनवर म्हणालात की नवा डॉक्टर गुडघा सोडून कॉम्प्युटरकडेच बघत बसतो. त्याला एकदा ठणकावून सांगा, दुखणं त्या डब्यात नाहीये म्हणून. हरणांनी यंदा तुमच्या टोमॅटोंवर दया केली असेल अशी आशा आहे. इकडे सगळं ठीक. मी ठीक, घोडे ठीक, आणि तुमचे बंधुराज असतात तसे आहेत. (याहून जास्त कौतुक मला खोटं न बोलता जमत नाही.)

लिहायला बसले, कारण रविवारी नदीवर जे झालं ते फिरत फिरत तुमच्या चर्चच्या मंडळीपर्यंत पोचणारच, आणि पोचेपर्यंत त्यात एखादी मगरही शिरलेली असेल. तेव्हा खरं काय ते माझ्याकडून ऐका. झालं असं, की एके दिवशी जेवताना बंधुराजांनी काटा खाली ठेवला आणि म्हणाले, "घोडे घेऊन जंगलात जाऊ." जसं काही घोडे अंगणात नसून दुसऱ्या कुणाकडे असतात. मी म्हटलं, या वयात? तर म्हणे, याच वयात. मग सामान निघालं. जंगल खात्याला तणाचं बी नसलेलं गवतच चालतं, ते आणलं; लिदीसाठी फावडं घेतलं (तळ सोडताना आपल्या घोड्यांची लीद आपणच उचलायची असते, आणि 'आपण' म्हणजे कोण हे तुम्ही ओळखलं असेल); सहा माणसांना पुरेल इतकं बेकन घेतलं; आणि कॉफीचं भांडं घरीच राहिलं. ते भरायचं काम कुणाकडे होतं हे मी लिहीत नाही. तुम्ही त्यांच्या सख्ख्या बहीण आहात, तुम्हाला वाईट वाटेल.

तळावर पोचल्यावर घोड्यांचा ट्रेलर मागे मागे घेत जागेवर लावायचा असतो. ताई, ज्या जोडप्यांना आपला संसार किती मजबूत आहे ते बघायचं असेल त्यांनी हे एकदा करावं. मी मागे उभी राहून हात हलवत होते. मी ओरडले, "उजवीकडे घे!" आतून आवाज आला, "कुणाच्या उजवीकडे?" मी म्हटलं, "देवाच्या!" तर म्हणे, "तो कुठे उभा आहे ते आधी सांग!" शेजारच्या तळावरच्या बायका खेचरांना खरारा करायचं सोडून आमच्याकडे बघत बसल्या होत्या. शेवटी ट्रेलर एका ओकच्या झाडाला टेकला आणि बंधुराज खाली उतरून म्हणाले, "इथेच लावायचा होता."

मग दोन झाडांमध्ये डोक्याच्या वर दोर ताणून त्याला घोडे बांधायचे. माझी घोडी पर्ल मी बांधली. त्यांच्या घोड्याला, कर्नलला, त्यांनी बांधलं, तुमच्या वडिलांच्या गाठीनं. (मामंजींबद्दल मला आदर आहे, पण त्यांचीही जनावरं कायम दुसऱ्यांच्या मक्यात सापडायची असं तुम्हीच मला सांगितलं आहे.) रविवारी सकाळी मी ट्रेलरच्या पुढच्या खोलीतल्या पलंगावरून बघते, तर पर्ल जागेवर, आणि कर्नलच्या जागी नुसतीच मामंजींची गाठ, सुटून लोंबणारी. बंधुराज होते तसेच पळाले. होते तसेच म्हणजे पांढरा लांब बाह्यांचा गंजीफ्रॉक, पांढरी लांब आतली विजार आणि बूट. मी मागून ओरडले, "अरे, कमरेखाली काय घातलंयस ते तरी बघ!" पण त्यांचा डावा कान लाकूड कापण्याच्या गिरणीत कायमचा गेलेला, आणि मी नेमकी डाव्या बाजूला. मी त्यांची पँट घेऊन मागे धावले.

वळणावर नदी जिथे संथ होते तिथे कुठल्याशा लहान चर्चची मंडळी जमली होती. बाप्तिस्म्याचा दिवस. काठावर गाणं चाललेलं, पाळक ब्रदर हॉइट लॅम्बेथ कमरेएवढ्या पाण्यात उभे, आणि बाप्तिस्मा घ्यायला आलेली माणसं पांढरे कपडे घालून पाण्यात रांगेत. रांगेच्या पुढे, पाळकांच्या अगदी पाठीशी, कर्नल. शांतपणे पाणी पीत होता. बंधुराज रांगेच्या कडेनं पाण्यात शिरले. पांढऱ्या माणसांत आणखी एक पांढरा माणूस, कुणाला काय कळणार? ब्रदर हॉइटनी चष्मा वाहून जाऊ नये म्हणून बायकोकडे दिला होता, आणि चष्म्याशिवाय त्यांना घोडा आणि झाड यांतला फरक दिसत नाही, असं त्यांच्या बायकोनंच मला नंतर सांगितलं. शेवाळावरून पाय घसरला आणि बंधुराज थेट त्यांच्या मिठीत गेले.

पाळकांनी त्यांना प्रेमानं धरलं आणि ख्रिस्ताविषयी विचारलं, "भाऊ, तो तुझा आहे ना?"

बंधुराजांना वाटलं, घोड्याचं विचारतायत. ते म्हणाले, "माझाच आहे हो! दुसऱ्या कुणाचा असणार?"

काठावरून "आमेन!" आलं.

"त्याच्या मागे जाशील?"

"सकाळपासून तेच करतोय!"

"आमेन!" आता तर काही बायकांनी रुमाल काढले. मी पँट हलवत ओरडत होते, पण गाण्याचा आवाज वाढला. ब्रदर हॉइटनी पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावानं बंधुराजांना मागे झुकवलं आणि पूर्ण पाण्याखाली घातलं. वर आले तेव्हा तोंडातून आधी पाणी निघालं, आणि मग जो शब्द निघाला तो देवाच्या दयेनं कर्नलच्या फुरफुरण्यात बुडाला.

ताई, आईंच्या अंत्यविधीला जो माणूस टोपी हातात घेऊन चर्चच्या बाहेर उभा राहिला, आणि तुम्ही आत बोलवायला गेलात तर तुम्हाला टाकून बोलला, तो हाच. त्या दिवसापासून तुम्हा दोघांची नाताळची कार्डंसुद्धा माझ्याच हातून जातात. मला वाटलं, आता पाळकांची काही धडगत नाही. पण बंधुराज पाळकांचाच हात धरून काठावर आले. थंडीनं कुडकुडत होते. बायकांनी त्यांना जेवणाच्या टेबलावरच्या चादरीत गुंडाळलं, हातात तळलेल्या कोंबडीची तंगडी दिली, आणि एका म्हाताऱ्या बाईनं त्यांचा गाल थोपटून म्हटलं, "उशीर झाला म्हणून काय झालं रे बाळा." मी खरं काय ते सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी माझा हात दाबला. कर्नलनं तेवढ्यात टेबलावरचा एक अख्खा पीच पाई संपवला, त्याबद्दलही कुणी काही बोललं नाही. घरी येताना गाडीत मी रेडिओ लावला, तर त्यांनी बंद केला.

गुडघ्याला शेकत राहा.

तुमची,
नडीन

ता. क. हे पत्र मी लिहिलं असं त्यांना कळू देऊ नका.

ता. क. वर सगळं ठीक असं लिहिलं, ते खरं नाही. पुढच्या मंगळवारी त्यांच्या हृदयाची झडप बदलायची आहे. म्हणूनच त्यांना जंगलात जायचं होतं. तुम्हाला कळवायची मला बंदी होती.

ता. क. पाकीट चिकटवताना तुमचा भाऊ व्हर्जिल मागे येऊन उभा राहिला. त्यानं सगळं वाचलं. मला वाटलं फाडेल. खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "तिला विचार, माणसाला घोड्याबद्दल विचारतायत असं वाटलं, तरी तो बाप्तिस्मा धरला जातो का?" मी म्हटलं, फोन करून तूच विचार. तर म्हणे, फोनवर नको, तिला इकडेच यायला सांग. तेव्हा ताई, सोमवारच्या बसनं या. तुमच्या पाळकांना विचारून या. उत्तर 'हो' असेल तर त्याला ऑपरेशनसाठी आत नेण्याआधी सांगा. 'नाही' असेल तर तो शुद्धीवर आल्यावर.