परातीतलं राज्य

३ जून
हे वाचणारी विसरभोळी कोण, ते तिचं तिला कळेलच. वसतिगृहात जाताना चार्जर आठवला, उशी आठवली, उशीचा अभ्राही आठवला — आणि मुंग्यांचं अख्खं राज्य टेबलावर राहिलं! फोनवर म्हणते, "आजी, सुट्टीला येईपर्यंत सांभाळ ना गं." सांभाळते. मला लिहिता येत नाही, म्हणून तिची आई लिहितेय. सुनेला बजावलंय — मी बोलेन ते जसंच्या तसं, पदरचं काही घालायचं नाही.

५ जून
जन्मभर कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले, मुंग्या वर चढू नयेत म्हणून. आता त्यांची काचेची पेटी परातीत ठेवून भोवती पाणी ओतलंय, त्या बाहेर पडू नयेत म्हणून! युक्ती तीच, पक्ष बदलला.

राणी पेटीतल्या काचेच्या नळीत, ओल्या कापसाला टेकून बसलेली. हलत नाही, डुलत नाही, सगळ्या तिला आणून भरवतात. सून म्हणाली, "सासूबाई, ओळखीचं वाटतंय." लिही, तेही लिही!

८ जून
मधाचा थेंब आणि माशीचं तंगडं दिलं. मध मोठ्यांनी चाटला. तंगडं मात्र ओढत आत नेलं, अळ्यांच्या तोंडाशी. आधी पोरांचं! माणसं उगाच फुशारक्या मारतात.

९ जून
मुलगा ओरडला. "आई, लोक मुंग्या मारतात, तू पाळतेस!"
म्हटलं, तुला पाळलं तेव्हा कुणी हटकलं नाही.
सून हसली. त्याने ऐकलं.

१२ जून
दुखणं मुंग्यांचं नाहीच. पोरगी त्याचं न ऐकता किड्यांचा अभ्यास करायला गेली, ते सलतंय. "किडे शिकून काय दिवे लावणार?" पेटी गेली की खूळही जाईल, असं त्याला वाटतं. शनिवारी झुरळांचं औषध मारणारा बोलावलाय. सगळ्या खोल्यांत फवारा. वासानेच मरतील बिचाऱ्या.

सून गप्प. पोरगी निघाली तेव्हाही दाराशी गप्पच उभी होती. — थांबलीस का? लिही.

१३ जून
त्याला सांगितलं, पेटी हलणार नाही. मार फवारा माझ्या डोक्यावरून!
"औषध मारणारच. ज्याला मुंग्या हव्यात, त्याने त्या घेऊन बाहेर व्हावं."
म्हटलं, बरं झालं सुचवलंस.

१४ जून
मुक्काम — खालच्या शिवणकामवालीची खोली. औषधवाला जिना चढत होता, आम्ही उतरत होतो. मशीन सुरू झालं की मुंग्या बावरतात, म्हणून परात गादीवर, मी सतरंजीवर. आणि अक्षर तेच आहे, बघितलंस ना? सूनही आलीय. परात तिनेच उचलली, पाण्याचा थेंब सांडला नाही. नवऱ्याला एवढंच म्हणाली, "मला हव्यात."

ही चिठ्ठी फाडून वर पाठवतेय: लेका, आम्हा दोघींना भात पाठव, करपला तरी चालेल. मुंग्यांना उकडलेल्या अंड्याचा नखाएवढा तुकडा, बिनमिठाचा. झुरळं पाठवू नकोस. ती तू औषध मारून नासवलीस.