लढाई, विमान, मोटार आणि धान

६ जुलै २००३, रविवार
मशिनी आल्या! तीन. लढाई, विमान आणि मोटार. चंद्रपूरचं व्हिडिओ गेमचं पार्लर बंद पडलं, मालक भंगारात देत होता. भंगारात! ज्या विमानावर मी कॉलेजची दोन वर्षं काढली, ते विमान! ताडपत्री झाकून ट्रॅक्टरवर सिंदेवाहीला आणलं. धानाची खोली सध्या रिकामीच आहे, तिथे लावल्या.
रंभा म्हणाली, हे काय जी, तीन तीन कपाटं कायले? म्हटलं, कपाटं नव्हेत, संग्रह आहे. म्हणाली, दिवाळीले धान येते, तवा खोली मोकळी पायजे. बायकोला दूरदृष्टी नाही.
ठराव: रोज पहाटे साडेपाचला उठून अर्धा तास मेंटेनन्स.

७ जुलै, सकाळी ८.२०
आत्ता उठलो. पहाटे हवा दमट असते, मशीन उघडणं शास्त्राला धरून नाही. उद्यापासून संध्याकाळी.

१३ जुलै
विमान चाललं!! रुपया टाकला, आत खण्ण झालं, आणि ती सुरावट. एका क्षणात एकोणीस वर्षांचा झालो. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला लिहू.
पलीकडची राइस मिल चालू असल्यामुळे व्होल्टेज कमी, चित्र पोस्टकार्डाएवढं. तरी चाळीस सेकंद टिकलो. मग मिल थांबली, चित्र मोठं झालं आणि मी लगेच मेलो.
रंभाला सांगितलं, चंद्रपुरात या मशीनवर माझा पहिला नंबर होता. तिने विचारलं, अन् बी.ए.त कितवा होता? विषय बदलला.

२८ ऑगस्ट
काल पोळा. सुट्टीचा सदुपयोग म्हणून मोटारीचं स्टीअरिंग खोलून तेल दिलं. परत बसवलं. चार स्क्रू उरले. कंपनीने जास्तीचे दिले असणार.

२९ ऑगस्ट
स्टीअरिंग हातात आलं. मोटार तूर्त गॅरेजात आहे असं समजायचं.

१४ सप्टेंबर
लढाईचा पडदा काळा. टीव्हीवाले नूरुद्दीनभाई आले, मागून पाहिलं, वास घेतला. म्हणाले, पत्रूभाऊ, पिक्चर ट्यूब गया, लढाई खतम. हा माणूस टीव्हीचा, याला संग्रहातलं काय कळणार? विमानाबद्दल मात्र बरं बोलले. बोर्ड एकदम अच्छा है, बस सूखा रखो और हात मत लगाओ.
माझंही हेच मत होतं.

५ ऑक्टोबर
रंभाशी चर्चा. म्हणजे ती बोलली. लवकरचा हलका धान कापणीले आला, ठेवाचा कुठी, तुमच्या डोक्यावर? शेवटी करार झाला. दिवाळीनंतर गावची जत्रा भरते, त्या मंडईच्या दिवशी पाहुण्यांसमोर एक तरी मशीन चालली तर खोली माझी. नाही तर धानाची.
हो म्हटलं. तीन आहेत, एकच चालवायची आहे. बिचारी हरलीच.

१२ ऑक्टोबर
बोर्ड रंगवून आणला: सिंदेवाहीतील पहिले खाजगी व्हिडिओ गेम संग्रहालय. सावली गावच्या साळ्याला, बिरजूला, निरोप धाडला. मंडईले दुपारीच ये, दंडारीचं नाटक मंग पाहू, आधी विमान.

१९ ऑक्टोबर
संकट! विमानात किडे. बोर्डावर मुंग्या, कोपऱ्यात धानाला लागणारे दोन सोंडे. आधी घाबरलो. मग डोकं चालवलं. आपल्याकडे बियाण्याचा धान वर्षभर कसा टिकतो? कडुलिंबाचा पाला आणि चुलीची राख. शंभर वर्षांचा अनुभव आहे. जे धानाले चालते ते मशीनले काऊन नाई चालणार?
राखेपेक्षा सुकी वस्तू जगात नाही. नूरुद्दीनभाईंनी हात लावू नका सांगितलं होतं, म्हणून हात लावला नाही. चाळणीने टाकली. चांगल्या दोन पायल्या.

२६ ऑक्टोबर
एकही किडा नाही. हे कुठल्यातरी मासिकाला कळवायला हवं. चालू करून बघावं असं वाटलं, पण मंडईपर्यंत मशीनला विश्रांती दिलेली बरी.

२ नोव्हेंबर, मंडई
अकरा पाहुणे. बिरजू पुढच्या खुर्चीवर. रंभा दारात, पदर खोचून. विमानाला हार घातला, नारळ फोडला. थोडं पाणी आत उडालं, प्रसादच तो. भाषण केलं, छोटंच, वीस मिनिटं. रुपया टाकला. खण्ण! बटण दाबलं.
आधी फट्ट झालं. मग धूर. मग पाला जळाल्याचा वास. बिरजू म्हणाला, भाऊजी, चूल हाय का हे?
नूरुद्दीनभाईंना बोलावलं. त्यांनी मागचं दार उघडलं, मूठभर ओली राख बाहेर आली. राख किसने डाला? म्हटलं, चौकशी सुरू आहे.
रंभाने सगळ्यांना चहा दिला, मलाही दिला. साखर बरोबर होती. तेव्हा फार भीती वाटली.

५ नोव्हेंबर
धान आला. मी पडवीत पेपर वाचत होतो, आतून ठोकाठोक ऐकू येत होती. नूरुद्दीनभाईंनी काचा आणि तारा काढून नेल्या. मशिनी मात्र रंभाने जाऊ दिल्या नाहीत. मला भरून आलं. म्हटलं, शेवटी तिलाही लळा लागलाच!

६ नोव्हेंबर
लढाईत हलका धान. मोटारीत चुरी अन् कोंडा. विमानात बियाणं. राख आणि पाला त्यात आधीच आहे, म्हणाली, तुमी येक काम तं नीट केलं जी. गल्ल्याचा डबा मिठाला घेतला.

२३ नोव्हेंबर, रविवार
बिरजू खास सावलीहून आला. रंभाने किल्लीने विमान उघडून दाखवलं. जाड फळी, उंदीर शिरत नाही, ओल लागत नाही, वर कुलूप. आळीतल्या बायाही जमल्या. किती साजरं, किती साजरं! बिरजूने माझा हात धरला. भाऊजी, पहिल्यांदा तुमी कामाचं काही आणलं, मलेबी असं एक पाहून द्या ना.
म्हटलं, बघतो. संग्रहाला मागणी येते आहे, हे नोंदवून ठेवतो.
सगळे गेल्यावर विमानासमोर उभा राहिलो. दांडा अजून हलतो. डावीकडे जरा अडतो, तसा कॉलेजातही अडायचा. खिशात रुपया होता, टाकला.
आवाज आला नाही. खाली धान होता.
थोडा वेळ वाट पाहिली. मग रंभाला म्हटलं, किल्ली दे, रुपया अडकला. ती सुपाने धान पाखडत होती, वर पाहिलंही नाही. म्हणाली, आता कुठी उघडता जी, पेरणीले निघन.