जाळ्यांचा डेक

तारीख नऊ, मंगळवार, दुपार

चि. मोठ्या,

आशीर्वाद. तू बरा असशील असं धरून चालते. मी बरी आहे, गुडघा सोडून. पडद्यांची कामं येतात, मशीन चालू आहे. वरच्या मजल्यावरची बाई अजून जिन्यात केर टाकते आणि मी अजून तिला बोलते. झाली खुशाली.

आता मुद्दा. मी पत्ते खेळायला लागले आहे. हसू नकोस. तेच, चित्रांचे, तुम्ही दोघं भाऊ खेळायचात ते. दर रविवारी त्या चष्मेवाल्या पोराच्या पत्त्यांच्या दुकानात जाऊन टूर्नामेंटला बसते. पहिल्याच दिवशी समोर बँकेतला टकलू आला. म्हणतो, "आजी, चुकून आलात का? लोकर पलीकडच्या दुकानात मिळते."

मी म्हटलं, "पत्ते पिस लवकर, मला संध्याकाळी पडदे द्यायचेत."

हरले. पण घाम फोडला त्याला. शिकायला काय लागतंय? इतकी वर्षं माझ्या कापायच्या टेबलावर भांडत खेळलात, मी शेजारीच शिवत होते.

माझा पत्त्यांचा गठ्ठा, तुमच्या भाषेत डेक, धाकट्याचा आहे. खोली आवरताना उशीखाली मिळाला.

त्याच डेकने खेळते आणि सारखी हरते. डेक वाईट नाही. शिवण बघून कळतं ना, घाईत मारलीय की जीव लावून, तसं मला पत्ते हातात घेतल्यावर कळलं. जीव लावून बांधलाय. पण त्यात अर्धे पत्ते जाळ्यांचेच. समोरच्याचं पाखरू झडप घालून परत त्याच्या हातात उडायला लागलं, की जाळं टाकायचं, पाखरू तिथंच अडकतं. आणि हल्ली पाखरं कोणी खेळतच नाही. जो तो दगडी राक्षस घेऊन बसतो. राक्षसावर जाळं टाकून काय डोंबल होणार?

चष्मेवाला म्हणाला, "आत्या, जाळी काढा, हातोडे घाला." घातले. पुढच्या रविवारी लागोपाठ जिंकले. टकलूचं तोंड बघायला हवं होतंस.

घरी आले आणि जेवण गेलं नाही. त्या दिवशी टेबलाशी माझ्या बाजूला कोणी नव्हतं. म्हणजे, आधीच्या रविवारी असायचं.

चष्मेवाल्याने एक सांगितलं. पत्ता ओढायच्या आधी मी म्हणे बोटाने टेबलावर दोनदा टकटक करायचे. मला पत्ताच नाही. ती सवय कोणाची, ते तुला सांगायला नको. हातोडे घातले त्या दिवशी टकटक नव्हती. जाळी परत घातली, परत सुरू झाली. मी भुताखेतांतली बाई नाही. झालं ते लिहिते.

मग चष्मेवाल्याला विचारलं, एवढा हुशार मुलगा, ही जाळी का भरून ठेवली? तो चष्माच पुसत बसला. मी म्हटलं, "पुसून झाला असेल तर बोल."

"आत्या, हा डेक टूर्नामेंटसाठी नाहीच. एका माणसाला हरवायला बांधलाय. इथं पाखरं कोण खेळायचं?"

तू खेळायचास.

सगळ्यांदेखत धाकट्याला हरवलंस, वर म्हणालास, माझ्यासमोर परत बसायची तुझी लायकी नाही. आणि निघून गेलास नोकरीवर. धाकट्याने त्यानंतर तुझं नाव काढलं नाही. मला वाटलं, तोडलं त्याने. ताप चढत गेला तेव्हा मी विचारलं, मोठ्याला कळवू का? म्हणाला, "आत्ता नको." मला तो राग वाटला. तेव्हा अंथरुणात पडून तो चष्मेवाल्याकडून एकेक जाळं मागवत होता. डेक पुरा झाल्यावर तुला बोलवायचं होतं त्याला. डेक पुरा झाला. तुला बोलवायच्या आधीच तो गेला.

तो गेल्यावरही तू आला नाहीस, त्यावर मी बोलणार नाही.

पुढच्या महिन्यापासून जुनी कार्डं बाद होतात. कंपनीचा नियमच आहे, नवी खपावीत म्हणून. जाळी बाद झाली की ह्या डेकला टूर्नामेंटला बसू देणार नाहीत. हातोडे घालून मी खेळू शकेन, पण मग तो त्याचा डेक नाही. ह्या महिन्यातला शेवटचा रविवार हीच शेवटची संधी. चष्मेवाल्याला सांगितलंय, त्या दिवशी पहिल्या डावाला मोठ्याला माझ्यासमोर बसव. म्हणाला, नियमात बसत नाही. मी म्हटलं, तुझ्या दुकानाचे पडदे कुणी शिवलेत ते बघ एकदा. बसलं नियमात.

पाखरांचा डेक घेऊन ये. टाकला असशील तर परत बांध, होता तस्साच. दुसरा कुठला शहाणा डेक आणलास तर मी उठून जाईन. रडायचं नाही, माफीबिफी मागायची नाही, दुकानात लोक असतात. समोर बसायचं आणि मनापासून खेळायचं, मुद्दाम चुकायचं नाही, त्याला लगेच कळेल. हात माझे असतील, एवढंच.

तू हरणार आहेस. हरायलाच ये.

आम्ही वाट बघतो.

आत्या