ड्रायव्हरच्या बाजूची काच

४ फेब्रुवारी. सकाळी ७.
डॉक्टर म्हणाले, राग आला की वहीत लिहीत जा. मला राग येत नाही, बीपी आहे फक्त. पण हिने वही आणलीच आहे, तर लिहितो.
संकल्प: सोळा तारखेपर्यंत आवाज चढवायचा नाही. सोळाला पोरीला नोकरीच्या गावी सोडायचं आहे. तिची पहिली नोकरी. पाच तासांचा रस्ता, शेजारी ती, मी अनुभवाच्या चार गोष्टी सांगणार. कधीपासून मनात आहे.

संध्याकाळी ६.
ऑफिसच्या गेटवर कार्ड दाखवायला काच खाली करायला गेलो, तर ढिम्म. बटण दाबतोय, मोटरचा आवाजसुद्धा नाही. मागे चार गाड्या, चौघांचे हॉर्न. शेवटी दार उघडून कार्ड दाखवलं. वॉचमन हसला असावा. दारावर आतून एक बुक्की दिली. काच सर्रकन खाली.
निदान: गाडीला धाक उरला नव्हता. सरळ बोटाने तूप निघत नाही.

६ फेब्रुवारी.
परत बंद. एक बुक्की, नाही. दोन, नाही. मग दार तीनदा आपटलं, चौथ्यांदा लाथेने. रागाने नव्हे, उपचार म्हणून.
पोरगी बाल्कनीतून बघत होती. संध्याकाळी आईमार्फत तिचा निरोप आला, की काच दुरुस्त झाली तरच ती माझ्याबरोबर गाडीने येईल, नाहीतर बसने जाईल. मी समोरच बसलो होतो, तरी आईमार्फत. कारण विचारलं, तेव्हा मात्र स्वतः बोलली.
"बाबा, काच बंद असली की तुमचं ओरडणं बाहेर जात नाही. सगळं माझ्यावरच येतं."
मी ओरडतो? हे मी तिला तीन वेळा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर शेजाऱ्यांनी येऊन बेल वाजवली.

९ फेब्रुवारी. रविवार.
व्हिडिओ बघून घरीच दुरुस्ती. फ्यूज शाबूत. दाराचं आतलं कव्हर काढलं. अकरा क्लिपा होत्या, त्यातल्या तीन अजून चांगल्या आहेत. मोटरला बॅटरीचा करंट थेट दिला, तर काच खाली गेली, वर आली. बटणाने मात्र नाही. म्हणजे मोटर चांगली, फ्यूज चांगला, तरी उघडायचं नाही. हा निव्वळ उद्धटपणा.
मेहुण्याने फोनवर सुचवलं, मेकॅनिकला दाखवा. फोन भिंतीला लागला. हल्लीच्या स्क्रीनमध्ये काही दम राहिलेला नाही.
नंतर हातोडी घेतली. बेतानेच. पोचे पडलेत, पण ते बाहेरून दिसतात एवढंच.

१३ फेब्रुवारी.
हिने परस्पर मेकॅनिकला घरी बोलावलं. दाराच्या सांध्यात एक रबरी नळी असते, ती त्याने मागे सारली. आतली वायर तुटलेली निघाली. टोकं टेकली की काच चालते, सुटली की बंद. वीस मिनिटांत त्याने वायर जोडली, काच चालवून दाखवली. तिथेच थांबायचं की नाही?
"साहेब, ही आपोआप तुटत नाही," तो म्हणाला. "दार आपटून आपटून तुटते. बाकीची तिन्ही दारं बघा, नव्यासारखी आहेत."
ही आणि पोरगी बाजूलाच उभ्या होत्या. दोघींनी एकमेकींकडे बघितलंसुद्धा नाही. ते जास्त लागलं.
मी त्याला शांतपणे निघून जायला सांगितलं. त्याचा पाना माझ्या हातात कसा आला, आठवत नाही. पाना दारावर ठेवत होतो, जरा जोरात, आणि काच मध्ये आली. उजव्या हाताला पाच टाके. मेकॅनिक पैसे न घेताच पळाला, ह्यावरून काय ते समजावं.

१४ फेब्रुवारी.
थंड डोक्याने विचार केला. काचच नाही, म्हणजे खिडकी कायमची उघडी. अट पूर्ण. पोरीला हे नीट समजावून सांगितलं. ती माझ्या बँडेजकडे बघत "बरं" म्हणाली आणि आत जाऊन बसचं तिकीट काढलं.
तिचे कान कोणीतरी भरलेत. बहुधा मेकॅनिकने.

१६ फेब्रुवारी. सकाळी १०.
बस स्टँडवर तरी मीच सोडलं. मागच्या सीटवर दोघी, एकमेकींना चिकटून. रस्ताभर मी एक शब्द बोललो नाही. ह्याची नोंद कोणी घेतली नाही, म्हणून इथे घेतो.
ती चढली, खिडकीशी बसली. एसी बस, तिची काच उघडत नाही. मला सॉरी म्हणायचं होतं. तीन दिवस मनात घोकत होतो. ती फोनमध्ये बघत होती, म्हणून काचेवर टकटक केलं. डाव्या हाताने.
ती केवढी दचकली. सीटवर पलीकडे सरकली आणि चेहऱ्यासमोर दोन्ही हात धरले. बाहेर मी आहे हे दिसल्यावरसुद्धा हात खाली घेतले नाहीत. मग मीच मागे झालो. बस गेली.
एकाच बोटाने केलं होतं.