लागेल तेवढं ताक

वेस्ट मांबलम, चेन्नई
१२ ऑगस्ट २००९

चि. नंदितास काका-काकूचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तुझ्या काकूला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं मी विसरतो, म्हणून पत्रच बरं. आपल्या तंजावरच्या मराठी लोकांच्या स्वयंपाकाचं तिचं पुस्तक तू टाइप करून नेटवरच्या दुकानात ठेवलंस, याचं आम्हाला फार अप्रूप आहे. पण किंमत नव्व्याण्णव करू म्हणतेस, ते पटत नाही. आपल्यात आहेराच्या पाकिटात शंभरावर एक घातल्याशिवाय ते कुणाच्या हाती देत नाहीत. तू तर शंभरातलाच एक काढून घेतेस. एकशे एकच राहू दे.

जाहिरातीची काळजी नको. सगळ्या नातेवाइकांना पुस्तक घेऊन तिथे चार चांगले शब्द लिहायला सांगितलं आहे. काकू मात्र रोज एकच विचारते, परक्या कुणी काही करून पाहिलं का. आमच्या सुना-नातवंडांना इडली-डोसा पुरतो. आपले पदार्थ आपल्याबरोबरच संपणार, असं तिच्या मनाने घेतलं आहे. रोज नाही म्हणून सांगताना मलाही थकायला होतं.

लोभ आहेच, पत्रही असू दे.
बालाजीकाका

पुणे
३० ऑगस्ट २००९

ती. काका-काकूंस नंदिताचा सा. न. वि. वि.

वाईट बातमी आहे. दुकानवाल्यांनी आपल्या लोकांचे सगळे अभिप्राय काढून टाकले. हंबीररावकाकांनी ‘ती. वहिनींस सा. न.’ अशी सुरुवात करून मुलीचं लग्न ठरल्याचं कळवलं होतं आणि मुहूर्तही दिला होता. सकवारआत्यांनी गुडघ्याचं दुखणं लिहून खाली पाच तारे दिले होते. घरच्यांनी केलेलं कौतुक तिथे चालत नाही, काका. आता पुस्तक दुकानाच्या यादीत शेवटच्या पानावर गेलंय, आणि तिथवर कोणी जात नाही.

शंभराच्या आतल्या पुस्तकांची तिथे वेगळी यादी असते, लोक आधी तीच बघतात. नव्व्याण्णवचा हट्ट त्यासाठी होता. ऑफिसातून आल्यावर दुकानवाल्यांना मेल लिहून लिहून मी कंटाळले. तुम्ही परवानगी दिलीत तरच किंमत बदलेन.

काकूंना जपा, मला विसरू नका.
नंदिता

वेस्ट मांबलम
१२ सप्टेंबर २००९

चि. नंदितास आशीर्वाद.

आपली माणसं कुणाच्या दारात गेली की आधी ख्यालीखुशाली सांगतात, मग कामाचं बोलतात. दुकानात तसं करायचं नसतं, हे त्या बिचाऱ्यांना कोण सांगणार? तुझं पत्र वाचून काकू आधी पोट धरून हसली. संध्याकाळी मात्र म्हणाली की सगळ्यांनी कौतुक केलं, पण एकानेही काही केल्याचं लिहिलं नाही. दसऱ्याच्या आत पुस्तक काढून टाकायला सांग म्हणाली.

मी समजूत घालायला गेलो नाही. दोघंही दमलो आहोत. तू उगाच मन मारून बसू नकोस. तू केलंस तेवढं पोटच्या पोरांनी केलं नाही.

तुझा,
बालाजीकाका

पुणे
१९ सप्टेंबर २००९

ती. काका-काकूंस सा. न.

पुस्तक काढायलाच बसले होते. शेवटचं म्हणून त्याचं पान उघडलं, तर एक नवा अभिप्राय दिसला. पाचांपैकी दोनच तारे आहेत. कळवू की नको, असं झालं, पण काकूंपासून लपवणं बरं वाटेना. लिहिणारी रुचिरा नावाची मुलगी आहे. नागपूरची, तुमच्या चेन्नईजवळच इरुंगाट्टुकोट्टैला कारखान्यात नोकरी करते आणि खोलीवर एकटी रांधते. आपल्या नात्यागोत्यातली नाही. तिचं जसंच्या तसं उतरवते:

“एवढी किंमत घेता तर कृती तरी नीट द्या. ‘लागेल तेवढं ताक’ म्हणजे किती? उडदाच्या पिठाच्या डांगर पचडीचा नुसता गोळा झाला, त्यात चमचा उभा राहिला. चव मात्र आवडली. पुढच्या महिन्यात एका रविवारी पुन्हा करून बघणार.”

पुस्तक अजून काढलेलं नाही. काकू काय म्हणतात ते कळवा.

तुमची,
नंदिता

वेस्ट मांबलम
२५ सप्टेंबर २००९

चि. नंदितास दोघांचे आशीर्वाद.

तुझं पत्र काकूने माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. दोन ताऱ्यांचं तिला काहीच वाटलं नाही. उठली ती थेट स्वयंपाकघरात गेली. उडदाचं पीठ भाजलं आणि आयुष्यात पहिल्यांदा ताक वाटीने मोजलं. आजवर हात थांबेल तिथे ती थांबायची. आपल्यातल्या सगळ्यांना ते ठाऊक, म्हणून लिहायचं तिला सुचलंच नाही आणि वाचणाऱ्यांना खटकलं नाही. तेव्हा लिही, एका वाटी पिठाला तीन वाट्या ताक, आणि मुरल्यावर घट्ट होतं म्हणून वाढताना आणखी अर्धी. तिचा तो रविवार येण्याआधी पुस्तकात घाल. आता बाकीच्या पदार्थांतलं ‘लागेल तेवढं’ शोधायला तिने मला बसवलं आहे. पाठ भरून आली, पण ती ऐकत नाही.

पुस्तक काढू नकोस. किंमत नव्व्याण्णव कर, असं तीच म्हणते आहे. मी शंभरावरच्या एकाची आठवण करून दिली, तर म्हणाली, “कमी झालेले दोन रुपये त्या पोरीच्या ताकाला.”

आमच्यावर माया आहे तशीच ठेव.
बालाजीकाका